हजार जणांच्या हाती बीटा देण्याआधी

बचत गटांच्या हिशोबासाठी आम्ही एक छोटं ॲप लिहीत होतो. पहिले दोन महिने तीस जण त्याचा बीटा, म्हणजे तयार व्हायच्या आधीचं कच्चं रूप, वापरत होते आणि गंभीर म्हणावा असा एकही बग, म्हणजे ॲपमधली चूक, आला नव्हता. आम्ही खूश होतो. मग टेस्टर, म्हणजे ते वापरून बघणारे, सहाशेच्या वर गेले आणि तिसऱ्याच दिवशी एका गटाच्या सचिवताईंचा आवाजी निरोप आला: "सर, गोऱ्हेताईंचं नाव यादीत दिसतंय की हो, पण शोधाय गेलं की घावत नाही."

आम्ही ऑफिसात 'गोऱ्हे' टाइप केलं, तर लगेच सापडलं. ताईंच्या फोनवर मात्र सापडत नव्हतं. अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. 'ऱ्ह'मधला तो आडवा, चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असलेलं र हे अक्षर असतं, तर दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. नाव भरणाऱ्या ताईंचा कीबोर्ड एका कंपनीचा आणि शोधणाऱ्या ताईंचा दुसऱ्या. आमच्या पहिल्या तीस जणांत गोऱ्हे, कऱ्हाडे, बऱ्हाटे असं कुणी नव्हतंच.

बीटा मोठ्या संख्येने करायचा तो अशा बगांसाठी. पण संख्या वाढवणं हा या कामातला सोपा भाग आहे. लिंक टाकली की माणसं येतात. ती काय सांगतायत ते ऐकायला तुमच्याकडे किती कान आहेत, यावर बीटा तरतो किंवा बुडतो. पहिल्यांदाच बीटा काढणाऱ्यांसाठी आम्ही ज्या क्रमाने शिकलो (बऱ्याचदा उलट्या क्रमाने), तो इथे सरळ करून मांडतो.

आधी आकडा ठरवा, आणि तो का हेही

एक साधा आडाखा लक्षात ठेवा. एखादा बग दर दहा जणांत एकाला येत असेल, तर तीस टेस्टरांत तो निदान एकदा दिसण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या पुढे जाते. तोच बग हजारात एकाला येत असेल, तर त्याच तीस जणांत तो दिसण्याची शक्यता जेमतेम ३ टक्के. सहाशे जणांत ४५ टक्के, आणि ९५ टक्क्यांवर जायचं तर तीन हजार माणसं लागतात. थोडक्यात, जितक्यांत एकाला बग येतो त्याच्या तिप्पट टेस्टर हवेत. आणि हा हिशोब फक्त बग कुणाला तरी *दिसण्याचा* झाला. ज्यांना दिसला त्यातले बहुतेक जण काहीच कळवत नाहीत, ॲप बंद करतात आणि चहा ठेवतात.

आता उलट बाजू. 'बटण कुठे आहे ते कळत नाही' ही तक्रार शोधायला हजार माणसं कशाला? वस्तू वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००० साली पाच जणांचा मुद्दा मांडला, तो याच कामासाठी. पाच माणसांच्या शेजारी गप्प बसून बघितलं की बहुतेक ठळक अडचणी समोर येतात. आम्ही सुरुवातीला व्याजाच्या रकान्यात 'दर टक्के' लिहिलं होतं आणि मनात वार्षिक दर धरला होता. पहिल्याच गावात पहिल्याच ताईंनी तिथे २ लिहिलं, कारण गटात 'शेकडा दोन' म्हणजे महिन्याला दोन. हे समजायला एक सतरंजी आणि अर्धा तास पुरला. हाच घोळ घेऊन आम्ही सहाशे जणांकडे गेलो असतो, तर सहाशे चुकीचे हिशोब तयार झाले असते.

म्हणून आधी स्वतःला विचारा: मला मोठी संख्या कशासाठी हवी आहे? प्रामाणिक उत्तरं तीनच. दुर्मीळ बग पकडायला, वेगवेगळे फोन, कीबोर्ड आणि सवयी यांची भेळ मिळवायला, आणि सर्व्हरवरचा भार बघायला. 'लोकांना ॲप आवडतंय का ते बघू' हे उत्तर येत असेल, तर अजून सतरंजीवरच बसा.

तक्रार येण्याचा रस्ता निमंत्रणाच्या आधी बांधा

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली. आम्ही व्हॉट्सॲप ग्रुप काढला. त्यात एका ग्रुपला १०२४ जणांची मर्यादा आहे, ती आम्हाला पुरेशी वाटली. पहिल्या आठवड्यात ग्रुपवर गुलाबाच्या फुलांसकट शुभ सकाळ, एका लग्नाची पत्रिका, आणि अधूनमधून 'ॲप चालत नाही'. त्याखाली अकरा जणींचं 'माझं पण'. आम्ही तो एक बग धरला आणि अकरा मतांचा म्हणून सगळ्यात वर ठेवला. प्रत्येकीला फोन केल्यावर कळलं की ते चार वेगळे बग होते, दोघींचा रिचार्ज संपला होता आणि एकीने ॲप टाकलंच नव्हतं.

ग्रुपचा आणखी एक तोटा आमच्या लक्षात उशिरा आला. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. बायकांचे नंबर अनोळखी सहाशे जणांपुढे टाकणं बरोबर नव्हतं. सूचना द्यायला चॅनल वापरा, त्यात अनुयायांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. तक्रार मात्र ॲपमधूनच येऊ द्या.

त्यासाठी प्रत्येक पडद्यावर 'कळवा' असं बटण ठेवा, सेटिंगच्या तिसऱ्या पानावर नको. दाबल्यावर तीनच प्रश्न: काय करत होतात? काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, ॲपची आवृत्ती, फोनमध्ये उरलेली जागा आणि फोनची भाषा ही माहिती माणसाला विचारू नका, तक्रारीसोबत आपोआप जोडा. रेंज नसेल तर तक्रार फोनमध्ये साठून राहावी आणि रेंज आली की जावी. आम्ही पुढे लिहिण्याऐवजी तीस सेकंद बोलण्याची सोय केली आणि तक्रारींचा दर्जाच बदलला. लिहिताना 'चालत नाही' एवढ्यावर थांबणाऱ्या ताई बोलताना 'मी आधी हप्ता टाकला, मग मागं आले, मग बघते तर शंभर कमी' असं क्रमवार सांगतात. ऐकायला वेळ लागतो, पण बग हाती लागतो.

क्रॅश, म्हणजे ॲप अचानक बंद पडणं, कळण्यासाठी माणसांवर अवलंबून राहू नका. क्रॅशलिटिक्ससारखं, त्याची नोंद आपोआप पाठवणारं काहीतरी पहिल्या बिल्डपासून (बिल्ड म्हणजे वापरायला दिलेली ॲपची तयार प्रत) असू द्या. गूगलच्या प्ले कन्सोलमधल्या (ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या पानावरच्या) अँड्रॉइड व्हायटल्स या क्रॅशच्या आकडेवारीवरही नजर ठेवा, पण टेस्टर कमी असताना तिथे फारसं काही दिसत नाही.

पायऱ्यांनी चढा

गूगल आणि ॲपल या दोघांच्याही ॲप-दुकानांत यासाठी पायऱ्या आयत्या मिळतात. गूगल प्लेवर अंतर्गत चाचणीत शंभर जण बसतात. बिल्ड काही मिनिटांत हाती पडतं, म्हणून रोजच्या ओढाताणीला ही पायरी बरी. त्यावर बंद चाचणी, ईमेलच्या यादीने किंवा गूगल ग्रुपने. त्यावर खुली चाचणी, जिथे लिंक मिळालेला कुणीही येऊ शकतो. खुल्या चाचणीला माणसांची मर्यादा घालता येते, पण ती हजाराच्या खाली ठेवता येत नाही. चाचणीतल्या लोकांचा अभिप्राय दुकानात जाहीर दिसत नाही, तो खासगीत तुमच्याकडे येतो. त्यामुळे एक तारा पडेल या भीतीने खुली चाचणी टाळू नका.

आयफोनसाठी टेस्टफ्लाइट, ही ॲपलची चाचणीची सोय. तिथे तुमच्या टीमचे शंभर आणि बाहेरचे दहा हजारांपर्यंत. प्रत्येक बिल्ड ९० दिवसांनी बंद पडतं, हे टेस्टरांना आधीच सांगा. नाहीतर एका सकाळी सगळ्यांचं ॲप एकदम मरतं आणि तुम्हाला वाटतं सर्व्हर गेला.

नव्यांसाठी एक नियम महत्त्वाचा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर प्लेवर वैयक्तिक खातं उघडलं असेल, तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बंद चाचणीत किमान १२ जण सलग १४ दिवस असावे लागतात. आधी हा आकडा २० होता. यातून 'तू माझं टाक, मी तुझं टाकतो' अशा अदलाबदलीच्या टोळ्या निघाल्या आहेत. त्यांच्याकडून दार उघडेल, चाचणी होणार नाही. बारा जण हक्काचे शोधा, चुलतभावापासून सुरुवात केली तरी चालेल.

किती वेगाने चढायचं? आमचा ठोकताळा असा: मागच्या आठवड्यात आलेल्या सगळ्या तक्रारी वाचून झाल्या असतील आणि प्रत्येकीला निदान एक ओळ उत्तर गेलं असेल, तरच माणसं तिप्पट करा. तीस, शंभर, तीनशे, हजार. वाचून झाल्या नसतील तर त्याच आकड्यावर थांबा. हा नियम मोडायचा मोह दर सोमवारी होतो.

माणसं कुठून आणायची

पहिले पन्नास ओळखीतले येतात आणि तेच सगळ्यात फसवे. ते तुमच्यासारखेच फोन वापरतात, तुमच्यासारखंच टाइप करतात आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसतात. नंतरची भरती मुद्दाम वेगळ्या ठिकाणांहून करा. आमच्या बाबतीत 'उमेद' अभियानाखाली काम केलेल्या एका ताईंनी शेजारच्या दोन तालुक्यांत शब्द टाकला आणि एका आठवड्यात आम्हाला जे फोन बघायला मिळाले ते आमच्या टेबलावर कधीच आले नसते. दोन जीबी रॅमचे, नातवाच्या व्हिडिओंनी काठोकाठ भरलेले, काच तडकलेले, घरातल्या चौघांत मिळून एक असलेले.

एक ताई सांगत होत्या की 'जमा करा' बटणच नाही. आम्ही स्क्रीनशॉट मागवला. त्यांनी फोनची अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवली होती, चष्मा घरी विसरला तरी दिसावं म्हणून. बटण पडद्याच्या खाली ढकललं गेलं होतं आणि आमचा तो पडदा सरकत नव्हता. दुसऱ्या एकींनी रक्कम ५०० अशी देवनागरीत लिहिली होती आणि ॲप 'रक्कम चुकीची आहे' असं मराठीतच त्यांना सुनावत होतं! आमच्या मराठी ॲपला मराठी आकडे कळत नव्हते, आणि ही लाज वाटायला आम्हाला तीनशे टेस्टर लागले.

म्हणून भरती करताना एक तक्ता करा: जुने फोन किती, मोठ्या अक्षरांवाले किती, रेंज कमी असलेल्या गावातले किती, देवनागरीत टाइप करणारे किती, बोलून लिहिणारे किती. एखादा रकाना रिकामा असेल तर एकूण आकडा कितीही फुगलेला असो, तुमचा बीटा तिथे आंधळा आहे.

बक्षिसाबद्दल. बगामागे पैसे देऊ नका. पूर्णविराम राहिल्याच्या चाळीस तक्रारी येतात. ॲपलने तर सप्टेंबर २००० मध्ये मॅक ओएस टेनचा जाहीर बीटा २९.९५ डॉलरला विकला होता, म्हणजे टेस्टरच पैसे मोजत होते. तेवढी पत आपली नाही, पण माणसं पैशाने येतात असं नाही एवढं त्यातून घ्या. आमच्याकडे सगळ्यात जास्त तक्रारी पाठवणाऱ्या ताईंना हवं होतं ते इतकंच की नव्या आवृत्तीच्या निरोपात त्यांच्या गावाचं नाव यावं.

निमंत्रणात काय लिहायचं

थोडकं लिहा. हे ॲप अर्धं कच्चं आहे. इतके दिवस चालेल. तुमच्याकडून आठवड्याला साधारण इतका वेळ हवा. अडलं तर हे बटण दाबा. आणि आमच्या निमंत्रणात ठळक असलेली ओळ: *वहीत लिहिणं थांबवू नका.*

पैसा, औषध, हजेरी, जमीन असा कोणताही खरा व्यवहार असलेल्या ॲपमध्ये ही ओळ हवीच. बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित लेखे हे एक सूत्र आहे, आणि आमच्या कच्च्या ॲपसाठी कुणी ते मोडावं असं सांगण्याचा आम्हाला अधिकार नव्हता. त्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. दर बैठकीनंतर ताई वही आणि ॲप शेजारी ठेवून बेरीज जुळवत. जिथे जुळली नाही तिथे वहीच्या पानाचा फोटो यायचा. आमच्या कुठल्याही स्वयंचलित चाचणीपेक्षा ती वही जास्त कडक होती.

संमतीही इथेच घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची विनंती सोप्या भाषेत असावी आणि ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय असावा असं म्हटलं आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा इंग्रजी मजकूर मशीनमधून काढून चिकटवू नका. काय गोळा करतो, कशासाठी, किती दिवस ठेवतो, नको असेल तर कसं पुसायचं, या चार गोष्टी चार वाक्यांत मावतात. स्क्रीनशॉटमध्ये लोकांची नावं आणि रकमा येतात, हे विसरू नका. ते उघड्या ड्राइव्ह फोल्डरात पडून राहता कामा नयेत.

तक्रारींची चाळणी

हजार टेस्टर झाले की हे रोजचं काम होतं. एकाच माणसाने, रोज सकाळी, ठरलेल्या वेळी. आम्ही चार कप्पे केले: डेटा किंवा पैसा जातोय, काम अडतंय, त्रास होतोय, सूचना. पहिल्या कप्प्यात *एक जरी* तक्रार आली तरी बाकी सगळं थांबतं. तिथे मतं मोजायची नाहीत.

मतं मोजल्यावर काय होतं ते विंडोजच्या बाबतीत जगाने पाहिलं आहे. मायक्रोसॉफ्टचा विंडोज इन्सायडर हा उपक्रम २०१४ पासून चालतो आणि त्यात लाखो टेस्टर आहेत. २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० ची नवी आवृत्ती बाहेर आली आणि काही जणांच्या कागदपत्रांच्या, फोटोंच्या फाइली गायब झाल्या. ज्यांनी कागदपत्रांचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हकडे वळवला होता, पण जुन्या जागीही काही फाइली राहिल्या होत्या, त्यांचा तो जुना फोल्डर अपडेटने फालतू समजून पुसून टाकला. चार दिवसांत, ६ ऑक्टोबरला, वाटप थांबवावं लागलं. आवृत्ती पुन्हा आली ती १३ नोव्हेंबरला. फाइली गेल्याच्या तक्रारींचं प्रमाण कंपनीने एक टक्क्याचा शंभरावा भाग सांगितलं, म्हणजे दहा हजारांत एक.

आता मघाचा आडाखा लावा. दहा हजारांत एक, म्हणजे तीस हजार टेस्टर हवेत. त्यांच्याकडे लाखो होते, त्यामुळे बग दिसायलाच हवा होता. आणि तो दिसलाही होता. इन्सायडरांनी आवृत्ती बाहेर पडण्याआधीच फाइली गेल्याचं कळवलं होतं. पण त्या तक्रारींना इतरांची मतं फारशी नव्हती, त्यामुळे त्या तळाशी राहिल्या. साहजिकच आहे, दहा हजारांत एकाला येणाऱ्या बगाला मतं देणार कोण? त्यानंतर कंपनीने तक्रारीच्या अर्जात गांभीर्य सांगण्याचा रकाना घातला.

तो रकाना तुमच्या अर्जात पहिल्या दिवसापासून ठेवा. 'यात तुमची माहिती किंवा पैसे गेले का? हो / नाही.' बस.

परतीचा रस्ता

अँड्रॉइडवर नवी आवृत्ती काढून जुनी टाकायची तर ॲप उडवावं लागतं, आणि त्यासोबत फोनमधला डेटा जातो. त्यामुळे बिघडलेल्या बिल्डवर उतारा एकच, त्याहून वरच्या क्रमांकाचं दुरुस्त बिल्ड. हजार जणांना बिल्ड देण्याआधी दोन गोष्टी करून बघा. मागच्या तीन आवृत्त्यांमधला डेटा नवी आवृत्ती नीट उघडते का, आणि टेस्टरला सगळा हिशोब एका फाइलीत बाहेर काढता येतो का. शुक्रवारी संध्याकाळी बिल्ड सोडू नका. बचत गटांच्या बैठका बऱ्याचदा सुट्टीच्या दिवशी असतात, हे आम्हाला एका रविवारी दुपारी बावीस फोन आल्यावर समजलं.

उत्तर द्या

दोन ओळी पुरतात. 'मिळालं, बघतोय.' आणि दुरुस्त झाल्यावर 'तुम्ही सांगितलेलं या आवृत्तीत झालंय, जरा बघून सांगाल का?' करणार नसाल तर तेही सांगा. ज्यांना पहिल्या तक्रारीला उत्तर मिळालं नाही, त्यांची दुसरी तक्रार आमच्याकडे जवळजवळ कधी आली नाही. तीन आठवडे गप्प असलेल्यांना एकदा फोन करा. त्यातल्या निम्म्या जणींनी ॲप सोडलेलं असतं आणि का सोडलं ते ऐकण्यासारखं असतं.

बीटा संपवा

जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं आणि त्याच्या नावाखालचं 'बीटा' ७ जुलै २००९ पर्यंत होतं. तुम्ही असं करू नका. तारीख ठरवा. आमची कसोटी होती: सलग दोन आठवडे पहिल्या कप्प्यात काही नाही, आणि वहीशी न जुळलेल्या बैठका शून्य. दुसरी अट पूर्ण व्हायला ठरल्यापेक्षा पाच आठवडे जास्त लागले.

त्यानंतरचे अपडेटही एकदम सगळ्यांना देऊ नका. प्लेवर अपडेटचं टक्केवारीने वाटप करता येतं, पहिल्यांदा ॲप खुलं करताना मात्र ही सोय नाही. आम्ही पाच टक्क्यांपासून सुरुवात केली. गडबड दिसली तर पुढचं वाटप थांबवता येतं, पण ज्यांच्याकडे पोचलं त्यांच्याकडून ते परत येत नाही. टेस्टरांना चाचणीतून बाहेर कसं पडायचं ते चित्रांसकट कळवा, नाहीतर पुढच्या वर्षीचं कच्चं बिल्डही त्यांच्या फोनवर जाऊन बसेल.

आणि सहाशे जणींत वीस-पंचवीस अशा निघतात, ज्या बग सांगताना तो कसा घडतो हेही सांगतात. त्यांची वेगळी यादी ठेवा आणि पुढच्या बीटाला पहिलं निमंत्रण त्यांना द्या. गोऱ्हेताईंचं नाव शोधणाऱ्या सचिवताई आमच्या यादीत पहिल्या आहेत. परवाच त्यांचा निरोप आला: "सर, आता गोऱ्हे घावतंय, पण एकाच गटात तीन सुनीता पाटील हायत, त्यांचं काय करायचं?"